टर्बो पेट्रोल गाडीत कुठलं ऑइल टाकायचं? डबा उलटा करून मागची बाजू वाचा

जुलैत ताईकडे खारघरला गेलो होतो, पाऊस जरा थांबला म्हणून खाली पार्किंगमध्ये सहज तिच्या गाडीचं बॉनेट उघडलं. ऑइलची डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, परत काढली, तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर जवळजवळ बोटभर. नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा वास, म्हणजे अगदी पंपावर उभं राहिल्यावर येतो तसा. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघितलं तर आतून पिवळसर पांढरी साय धरलेली. ताई म्हणाली, "अरे गेल्या महिन्यातच गॅरेजवाल्याला दाखवलं, तो म्हणाला ताई तुमचं ऑइल अजिबात कमी झालेलं नाही, उलट वर आहे, म्हणजे इंजिन ऑइल खात नाहीये, काही काळजी करू नका."

आता ऑइल काही आपोआप वाढत नसतं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, चार लिटर टाकलं तर ते चारच राहणार किंवा थोडं जळून कमी होणार, वाढलं याचा अर्थ बाहेरून काहीतरी येऊन मिसळलंय, आणि ताईच्या गाडीत ते पेट्रोल होतं आणि थोडं पाणी. तिची गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, आणि दिवसाचं काम काय तर मुलाला शाळेत सोडायचं, भाजी, स्टेशनला भावोजींना सोडायचं, म्हणजे दोन-तीन किलोमीटर जायचं आणि इंजिन गरम व्हायच्या आत बंद करायचं. अशा गाड्या आता ठाण्यात घोडबंदरच्या कुठल्याही टॉवरच्या पार्किंगमध्ये ढिगाने दिसतात, पण ऑइल मात्र लोक अजून जुन्या सवयीने निवडतात, गॅरेजवाला म्हणेल ते, नाहीतर डब्यावर मोठ्या अक्षरात 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलंय आणि महाग आहे म्हणजे चांगलंच असणार म्हणून. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण बारा-पंधरा लाखांची गाडी लोक पोटाला चिमटा काढून घेतात आणि मग चार लिटर ऑइलच्या चुकीमुळे इंजिन खोलायची वेळ येते.

हा त्रास मुख्यतः डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांचा, तेव्हा सगळ्यात आधी तुमची गाडी त्यात बसते का ते बघा, कारण टर्बो आहे म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन आहेच असं नाही. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल किंवा निसान मॅग्नाइटचं १.० टर्बो ही दोन्ही इंजिनं पोर्ट इंजेक्शनची आहेत, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं आणि हवेबरोबर आत जातं. स्कोडा-फोक्सवॅगनचं १.० आणि १.५ टीएसआय, ह्युंदाई-कियाचं १.० आणि १.५ टी-जीडीआय, मारुती फ्रॉन्क्सचं १.० बूस्टरजेट ही डायरेक्ट इंजेक्शनची. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये तर दोन्ही प्रकार मिळतात, टीसीएमपीएफआय म्हणजे पोर्टवालं आणि टीजीडीआय म्हणजे डायरेक्टवालं, गाडी बाहेरून तीच पण आतला प्रकार वेगळा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत मारतात आणि तेही प्रचंड दाबाने, पोर्टमध्ये जिथे ३ ते ४ बार पुरतात तिथे डायरेक्टमध्ये २०० ते ३५० बार लागतात. तुलनेला म्हणून सांगतो, आपल्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते.

आता ऑइलमध्ये पेट्रोल येतं कसं ते. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल मारतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या थंड भिंतीवर बसतं आणि पिस्टन खाली येताना रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. पोर्ट इंजेक्शनमध्ये पण थोडं होतं पण डायरेक्टमध्ये फवारा सरळ भिंतीच्या दिशेनेच असल्यामुळे खूप जास्त. इंजिन पूर्ण गरम झालं आणि बराच वेळ गरम राहिलं की यातलं बरंचसं वाफ होऊन परत इनटेकमध्ये खेचलं जातं आणि जळून जातं. पण लक्षात घ्या, कूलंटचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो, ऑइल गरम व्हायला मात्र त्याच्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, म्हणजे काटा वर आला म्हणून ऑइल तापलं असं नसतं.

त्यात आता आपलं पेट्रोल ई२० झालंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते त्यामुळे तेवढ्याच कामाला जास्त इंधन मारावं लागतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता पण जास्त लागते त्यामुळे थंड इंजिनात ते आणखी ओलं राहतं. शिवाय ते पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी. झाकणाखालची ती साय म्हणजे पाणी आणि ऑइल घुसळलं गेल्यावर होतं ते. ती बघून लोक घाबरतात की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, गेलं, कूलंट ऑइलमध्ये उतरलं, तर तसं असेलच असं नाही. कूलंटची बाटली आठवडाभर बघा, पातळी हलत नसेल आणि साय फक्त झाकणालाच असेल तर बहुतेक वेळा ती छोट्या फेऱ्यांची साय असते. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० ला, म्हणजे तास-दीड तास नीट गाडी चालवली तर ही दोन्ही निघून जातात. पेट्रोलचे जड भाग मात्र २०० अंशांच्या आसपास उकळतात, ऑइल तेवढं तापतच नाही, त्यामुळे ते आत साचत राहतात आणि ऑइल पातळ करत राहतात. त्यावर उपाय एकच, ऑइल बदलणं.

आपल्या रस्त्यांचं गणित वेगळं मांडायला लागतं. समजा कोणी कासारवडवलीहून महापेला रोज जातो, सकाळी मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग कळवा नाहीतर ऐरोली, सरासरी वेग धरा ताशी १५ किमी. १०,००० किमी होईपर्यंत इंजिन साडेसहाशेच्या वर तास चाललेलं असतं. दुसरा कोणी पनवेलहून पुण्याला ये-जा करतो, ताशी ६० ची सरासरी धरली तर त्याच १०,००० किमीला इंजिन चाललं १६७ तास. दोघांच्या मीटरवर आकडा एकच पण एकाच्या ऑइलने चौपट वेळ काम केलंय, आणि तेही गरम बॉनेटखाली, एसी लावून, फर्स्ट-सेकंडमध्ये. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर कंडिशन' नावाचा एक तक्ता असतो, तो जरूर उघडून बघा, बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ८ किमीपेक्षा छोट्या फेऱ्या वारंवार मारणं, जास्त वेळ आयडलिंग, कडक उन्हात ट्रॅफिकमध्ये चालवणं, धूळ, हे सगळं त्यात मोडतं. ठाणे-नवी मुंबईतला बहुतेक माणूस या तक्त्यात बसतो आणि त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यामुळे या इंजिनांना वेगळं ऑइल लागतं. तिचं नाव एलएसपीआय, लो स्पीड प्री-इग्निशन, म्हणजे कमी आरपीएमवर वेळेआधीच पेट घेणं. होतं असं की पिस्टनच्या वरच्या कडेला, रिंगच्या वर एक बारीक फट असते, तिथे ऑइल आणि पेट्रोलचं मिश्रण साचतं. टर्बो जोरात हवा भरत असताना आणि इंजिन हळू फिरत असताना, साधारण १५०० ते २५०० आरपीएमला पाय दाबला की, या मिश्रणाचा एखादा थेंब उडून आत येतो आणि स्पार्क पडायच्या आधीच स्वतःच पेटतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट खाली दाबतोय. साध्या नॉकिंगसारखं, म्हणजे स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण स्वतःच भडकून इंजिन खडखडतं तसं, ते नसतं, साधं नॉकिंग सेन्सर पकडतो आणि स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन थांबवतो, हे स्पार्कच्या आधीच होतं त्यामुळे टायमिंग मागे घेऊन काही उपयोग नाही. दाब इतका चढतो की पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते, प्लगचं पोर्सिलीन फुटू शकतं. ड्रायव्हरला फक्त एक 'टक्' असा मोठा आवाज येतो, कधी तोही नाही.

आणि यात ऑइलचा हात आहे हे कळलं तेव्हा अख्ख्या ऑइल उद्योगाला आपली रेसिपी बदलावी लागली. इंजिन स्वच्छ ठेवायला ऑइलमध्ये डिटर्जंट घालतात, ते पूर्वी मुख्यतः कॅल्शियमचं असायचं. प्रयोगांमध्ये दिसलं की कॅल्शियम जास्त असलेलं ऑइल या अवेळी पेटण्याला मदत करतं, मॅग्नेशियमचं डिटर्जंट करत नाही, आणि झीज थांबवणारं झिंक आणि मॉलिब्डेनमचं द्रव्य उलट ते कमी करतं. मग कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आणलं. अमेरिकेत एपीआयने, म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, २०१८ मध्ये एसएन प्लस नावाचा दर्जा खास यासाठी काढला आणि २०२० मध्ये एसपी आणला, त्यात एलएसपीआयची परीक्षा आहे, जी फोर्डच्या दोन लिटरच्या इकोबूस्ट इंजिनावर घेतात, आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही वेगळी परीक्षा आहे, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये काजळी जास्त होते आणि ती बारीक पॉलिश पेपरसारखी चेनच्या पिना घासते. त्यानंतर २०२५ मध्ये एसक्यू आला, त्यात वापरून जुनं झालेलं ऑइलही ही परीक्षा पास होतं का ते बघतात, जे मला फार योग्य वाटतं कारण नव्या डब्यातलं ऑइल चांगलं असून काय उपयोग, आपल्या चेंबरमधलं सात-आठ हजार किमी झालेलं असतं.

यातून कामाची गोष्ट अशी की जुन्या काळचं 'भारी' ऑइल इथे चालत नाही. मला वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात एकदा काउंटरवरच्या माणसाने अगदी मनापासून सांगितलं, "सर हे १५डब्ल्यू-४० घ्या, डिझेलला पण चालतं, पेट्रोलला पण चालतं, सगळ्या टॅक्सीवाले हेच नेतात." टॅक्सीवाल्यांना चालत असेल, त्यांचं इंजिन वेगळं. डिझेलसाठी बनवलेल्या ऑइलमध्ये डिटर्जंट भरपूर आणि तेही बऱ्याचदा कॅल्शियमचं, आपल्या टर्बो पेट्रोलला नेमकं तेच नकोय. तसंच ड्रममधलं लूज ऑइल, काय आहे ते कोणालाच माहीत नसतं, ते तर अजिबात नाही. आणि एक सवय तुमच्या हातात आहे, गाडी चढावर असेल, येऊरचा चढ म्हणा, बेलापूरची पारसिक हिल म्हणा, गायमुखचा घाट म्हणा, तर वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, एक गियर खाली घ्या आणि इंजिनला मोकळं फिरू द्या. मायलेजसाठी लोक चाळीसला पाचवा टाकतात आणि मग ओव्हरटेक करायला पाय दाबतात, या इंजिनात ती सवय सगळ्यात वाईट.

टर्बोचं म्हणाल तर त्याची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते आणि ती बेअरिंगमध्ये फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते, शेजारून ९०० अंशांच्या वर तापलेला धूर जातोय. ऑइल इथे जळून चिकटलं तर काळी खडी तयार होते, दांडी घासायला लागते. सिंथेटिक ऑइल इथे मिनरलपेक्षा पुष्कळ जास्त टिकतं, सिंथेटिक घेण्याचं हे सगळ्यात खरं कारण. एक्सप्रेस वेवरून जोरात येऊन लगेच फूड मॉलला बंद केली असं करू नका, शेवटचा एखादा मिनिट हळू चालवा की झालं, शहरात सोसायटीच्या आत शिरेपर्यंत ते आपोआप होतंच.

आणखी एक त्रास आहे जो हळूहळू होतो, इनटेक व्हॉल्व्हवर काळा थर बसणं. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून जाताना तो धुऊन काढतं, डायरेक्टमध्ये पेट्रोल तिथे जातच नाही, आणि चेंबरमधली ऑइलची वाफ मात्र रोज तिथून जाते आणि गरम व्हॉल्व्हवर भाजून बसते. टाकीत इंजेक्टर क्लिनरची बाटली ओतून हा थर निघत नाही कारण ते क्लिनर तिथे पोचतच नाही. ऑइलची वाफ किती होते याचा एक आकडा असतो, नोआक म्हणतात, ऑइल एक तास २५० अंशांना ठेवलं की किती टक्के उडून गेलं. एपीआयच्या दर्जात तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो, एसीईए म्हणजे युरोपच्या कार कंपन्यांची संघटना, तिच्या सी वर्गात १३ पर्यंत. हा डब्यावर नसतो, कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये बऱ्याचदा मिळतो, आणि दोन ऑइलं बाकी सगळ्यात सारखी असतील तर मी ज्याचा नोआक कमी तेच घेतो.

'फुल्ली सिंथेटिक' या शब्दाबद्दल. या शब्दावर फार विसंबू नका. ऑइलच्या मूळ तेलाचे पाच ग्रुप असतात, त्यात चौथा म्हणजे पीएओ, हे लहान रेणू जोडून खरोखर कारखान्यात घडवलेलं, आणि तिसरा म्हणजे क्रूडमधूनच काढलेलं पण हायड्रोजनच्या साहाय्याने प्रचंड दाबाखाली इतकं शुद्ध केलेलं की ते जवळजवळ सिंथेटिकसारखं वागतं. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर तक्रार केली होती की तिसऱ्या ग्रुपला सिंथेटिक म्हणू नका, निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि तेव्हापासून दोन्हीला सिंथेटिक म्हणतात. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, तिसऱ्या ग्रुपची ऑइलं आज खरंच चांगली आहेत आणि आपल्याकडे थंडीच पडत नाही त्यामुळे पीएओचा मोठा फायदा, म्हणजे उणे तीस-चाळीसला पण वाहणं, आपल्याला लागूच होत नाही. मुद्दा एवढाच की पुढच्या बाजूचा तो शब्द तुम्हाला एलएसपीआयबद्दल काहीच सांगत नाही, ते मागे लिहिलेलं असतं.

ग्रेडवरून लोकांची सगळ्यात जास्त भांडणं होतात. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. ठाण्यात जानेवारीत पहाटे १५-१६ अंश झाले तरी आपण स्वेटर काढतो, त्यामुळे ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर आपल्याकडे डोकं लावायची गरज नाही. महत्त्वाचा दुसरा आकडा, तो १०० अंशांवर ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. आणि लोक म्हणतात आपल्याकडे ऊन जास्त म्हणून जाड टाका. पण थर्मोस्टॅटवालं इंजिन एकदा तापलं की बाहेर २० अंश आहेत की ३८ याने आतल्या ऑइलच्या तापमानात फार फरक पडत नाही, तो लोडने पडतो. आणि इंजिनमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारे सोलेनॉइड हे सगळं ठरावीक जाडीसाठी बनवलंय, २०डब्ल्यू-५० टाकलं तर सकाळी सुरू करताना ते टर्बोपर्यंत उशिरा पोचणार.

मात्र मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिलेल्या असतील, समजा ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालतात, तर आपल्या वापराला मी जाड बाजूची घेईन. कारण वर सांगितलं तेच, पेट्रोल मिसळून ऑइल पातळ होणारच आहे, चाळीसचं तीस झालं तरी निभावतं, तीसचं वीस झालं तर बेअरिंगवरचा थर कमी पडतो. हा थर मोजायचा आकडा एचटीएचएस, १५० अंशांवर जोरात घासताना ऑइल किती जाड राहतं, वीस ग्रेडला किमान २.६, तीसला २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. युरोपियन गाड्यांची बरीचशी जुनी कोड ३.५ च मागतात.

आता डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरात जे असतं तेच खरं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात इंजिन ऑइलच्या पानावर एक कोड असतो, जपानी-कोरियन-भारतीय गाड्यांना बहुतेक एपीआय एसपी किंवा आयएलसॅक जीएफ-६ (कार कंपन्यांच्या समितीचा दर्जा), युरोपियन गाड्यांना कंपनीचा स्वतःचा कोड, जसं व्हीडब्ल्यू ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००. तो कोड डब्यावर जसाच्या तसा शोधा. मॅन्युअल जुनं असेल आणि त्यात एपीआय एसएन लिहिलं असेल तर एसपी किंवा एसक्यू टाकता येतं, नवा दर्जा जुन्याला सामावून घेतो. कंपन्यांच्या कोडचं मात्र तसं नाही, ५०८ हा आकडा ५०२ पेक्षा मोठा आहे म्हणून तो वरचढ असं अजिबात नाही, ५०८ ०० हे पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल आहे, ५०२ मागणाऱ्या इंजिनात ते चालणार नाही. चूक होऊ नये म्हणून त्या ऑइलला मुद्दाम हिरवट रंग देतात.

आणि शब्द नीट वाचा. 'अप्रूव्हल' लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलंय, 'मीट्स' किंवा 'रेकमेंडेड फॉर' असं लिहिलं असेल तर ते ऑइल कंपनीचं स्वतःचं म्हणणं आहे. खोटं असेलच असं नाही, पण वॉरंटीत असलेल्या गाडीत मी पहिल्या प्रकारचंच घेईन. एपीआयचं ओळखणं सोपं, एक गोल शिक्का असतो मेदूवड्यासारखा, वरच्या अर्ध्यात एसपी, मध्ये ग्रेड.

विकत घेताना सील, बॅच नंबर, तारीख बघा आणि ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीच्या डीलरकडून घ्या. ऑइल बदलताना समोर उभे राहा, फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन नटचा वॉशर नवा, आणि रिकामा डबा घरी घेऊन या किंवा तिथेच भोक पाडून टाका म्हणजे तो परत भरून कोणाला विकला जाणार नाही. वरून कुठलंही अॅडिटिव्ह ओतू नका, इतकी मेहनत घेऊन कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तोल सांभाळलेला असतो तो एका बाटलीने बिघडतो. आणि काढलेलं काळं ऑइल मेकॅनिक कुठे टाकतो हे जरूर विचारा, तो घातक कचरा आहे आणि अधिकृत रिसायकलवाल्याकडेच गेला पाहिजे, नाहीतर नाल्यातून ते थेट ठाणे खाडीत जातं, जिथे आपले फ्लेमिंगो येतात, २०२२ पासून ती रामसर यादीतली जागा आहे. याबाबतीत मी मागे हटत नाही, ज्या गॅरेजला याचं उत्तर देता येत नाही तिथे मी परत जात नाही.

किती दिवसांनी बदलायचं? स्कोडा-फोक्सवॅगन १५,००० किमी किंवा १ वर्ष म्हणतात, ह्युंदाई १०,००० किमी किंवा १ वर्ष, पण हे साध्या वापराचं. घोडबंदर-महापे वाल्याने मॅन्युअलच्या 'सिव्हिअर' तक्त्याप्रमाणे जावं, नसेल दिलेला तर मी निम्मं धरतो, म्हणजे पाच ते साडेसात हजार. ताईसारखं वर्षाला जेमतेम चार हजार किमी चालवणाऱ्यांनी तर किलोमीटर बघूच नयेत, दर सहा महिन्यांनी बदलावं, आणि त्यातला एक बदल पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये असावा. काळं झालं म्हणून घाबरू नका, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये काजळीने ते हजार-दोन हजार किमीतच काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय म्हणजे काम करतंय. वास आणि पातळी बघा. सपाट जागेवर बघा, आपल्या टॉवरच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प उतरता असतो तिथे पट्टी खोटं बोलते, आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून बघा.

ताईच्या गाडीचं ऑइल त्याच आठवड्यात बदललं, मॅन्युअलमध्ये कोड होता एपीआय एसएन, ग्रेड ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, आम्ही एसपीचं ५डब्ल्यू-४० घेतलं. जुनं बाहेर पडताना पाण्यासारखं पडत होतं, मेकॅनिकने दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाला, "दादा, याला काही चिकटाईच राहिलेली नाही." तेव्हापासून भावोजी महिन्यातून दोन रविवार सकाळी गाडी काढून पनवेलच्या पुढे खालापूर टोलपर्यंत जाऊन येतात, येताना वडापाव घेऊन येतात. दिवाळीत परत पट्टी काढून बघितली, ऑइल मॅक्सच्या जरा खाली, काळंभोर, आणि वास फक्त ऑइलचा.